खोली चौघांची, कागद एकाच्या नावावर

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं घर सोडून नुकतीच नोकरीला लागलेल्या मुलांची आहेत. पत्रं लांबलचक होती, प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र लातूरहून पुण्यात आलोय. वाकडला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळतोय. भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख. मालक म्हणतात, करार एकाच्याच नावावर करू, बाकीचे तिघं राहतील. एजंट म्हणतो, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की काम झालं. नाव माझं लागणार आहे. चालेल ना?

उत्तर: थांबा, सही करू नका.

आधी नोटरीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी तर हवाच, शिवाय नोंदणीकृत हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदलेला नसेल आणि वाद उभा राहिला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो बहुधा स्वतःच नोंदणीचं बोलू लागतो. अकरा महिन्यांच्या कराराचीही एक गंमत आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून अकराची पद्धत पडली. आपल्याकडे मुदत कितीही असली तरी नोंदणी लागतेच, त्यामुळे अकराचा तसा काही फायदा उरलेला नाही. सवय तेवढी राहिली.

खर्चाला घाबरायचं कारण नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते लागतं पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या दरसाल १० टक्के धरलेल्या व्याजावर. तुमचा हिशोब असा: २८,००० गुणिले ११ म्हणजे ३,०८,०००. एका लाखावर अकरा महिन्यांचं व्याज सुमारे ९,१६७. बेरीज ३,१७,१६७, आणि त्याचे पाव टक्का म्हणजे ७९३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. दस्त हाताळणी वगैरे धरून सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास, म्हणजे चौघांत माणशी पाचशे. एजंट ऑनलाइन नोंदणीसाठी घरी येऊन अंगठे घेतो, त्याचे पैसे वेगळे. ते किती आणि कोण देणार, हे आधीच ठरवा.

आता नाव. करार एकट्याच्या नावावर असेल तर भाडं थकलं, भिंत खराब झाली, कुणी न सांगता गेला, तरी मालकाच्या दृष्टीने देणेकरी तुम्ही एकटे. बाकीचे तिघं कायद्याने तुमचे पाहुणे. उलट बाजूने बघा: तुम्ही बदली होऊन गेलात तर त्या तिघांना तिथे राहायचा कागदोपत्री आधारच नाही. एका करारात चार लायसन्सी, म्हणजे राहणारे, घालता येतात. चौघांचे आधार, चौघांचे अंगठे, काम संपलं.

मसुद्यात हे शोधा आणि नसेल तर घालायला लावा: नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंना सारखी. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येणारा काळ, असेल तर किती महिने. डिपॉझिट घर सोडल्याच्या दिवशीच की किती दिवसांत परत. रंगकामाचे पैसे कापणार असतील तर ठरावीक रक्कम. ‘प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ हे शब्द दिसले की खोडा. सोसायटीचा मेंटेनन्स कुणाकडे. चार दुचाकींना जागा आहे का, कारण भांडण निम्म्या वेळा तिथूनच सुरू होतं.

किल्ली मिळाली त्याच दिवशी, सामान आत नेण्याआधी, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, गीझरचा, बाथरूमच्या छताचा फोटो काढून मालकाला पाठवा. महावितरणच्या मीटरचं रीडिंगही. मागचं बिल थकलं आहे का ते ग्राहक क्रमांकावरून लगेच कळतं.

आणि चौघांच्या आपसातला एक कागद, साधाच: डिपॉझिटमध्ये कुणाचे किती. मध्येच एक जण गेला तर त्याचे पंचवीस हजार येणारा नवा देईल की उरलेले तिघं, आणि नवा मिळेपर्यंत त्याचा सात हजारांचा वाटा कोण भरेल. हे पहिल्या रविवारी चहा पिताना लिहून ग्रुपवर टाकलं तर कुणाला राग येत नाही. आठव्या महिन्यात विषय काढला की येतो. नवा आला की करारातही त्याचं नाव आणा, नुसती गादी बदलून भागत नाही.

मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार करायला घ्या. मुदतीनंतर जागा सोडली नाही तर मालक कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई मागू शकतो.

प्रश्न: आम्ही रूमवर गावाकडचा इंद्रायणी तांदूळ शिजवतो. भाताचा कायम गोळा होतो. आणि कुकरच्या कडेने पाणी गळतं. तिसरं म्हणजे आमच्याकडे गॅसचं कार्ड नाही.

उत्तर: इंद्रायणी मुळातच चिकट आणि मऊ, तिच्याकडून बासमतीची अपेक्षा करू नका. पण गोळा होतो तो जास्त पाण्याने. कोलमला वाटीला दोन वाट्या पाणी लागतं, इंद्रायणीला पावणेदोन पुरे, तांदूळ त्याच हंगामातला नवा असेल तर दीड. दोनतीन पाण्यांनी धुवा, पंधरा मिनिटं भिजू द्या, मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की वरचा भात कोरडा, खालचा लगदा.

कडेने गळतं ते झाकणाच्या रबरी रिंगमुळे. ती सैल पडली की दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून वेळ मारून नेता येते, पण लवकरच नवी घ्या, कुकरच्याच कंपनीची आणि लिटरचं माप सांगून. डाळीला एकास तीन पाणी, चमचाभर तेल आणि कुकर अर्ध्यापर्यंतच भरायचा. नाहीतर फेस शिट्टीच्या भोकात अडकतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. उडालेल्या व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू किंवा एमसील लावणारी मंडळी आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं. गल्लीतल्या दुकानात मोठ्यातून छोट्यात भरून देतात ते मात्र घेऊ नका.

प्रश्न: कॉलेजचा मित्र त्याची २०१६ सालची ११० सीसी गाडी मला देतोय. दोस्तीतला व्यवहार आहे. तो म्हणतो, ‘आरसी बुक घेऊन जा, नावाचं नंतर बघू.’ गाडी तपासताना काय बघू?

उत्तर: दोस्ती आहे म्हणूनच नावाचं आधी बघा. यात जास्त धोका तुमच्या मित्राला आहे, आणि त्याला बहुधा ते माहीत नाही. उद्या तुमच्या हातून अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मालक म्हणून आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच धरला जातो, गाडी विकली असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलं आहे. ई-चलनंही त्याच्याच फोनवर येत राहतील.

कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कागद असे: विकणाऱ्याचा फॉर्म २९, दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे. गाडी कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. तो उतरवायला बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. कर्ज कधीच फिटलंय, हे तोंडी सांगणं धरू नका. आरसीवर बोजा आहे म्हणजे आहे. जुनी चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा आणि पैसे देण्याआधीच भरायला लावा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा अर्ज करा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मित्राचा बोनस तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक भरावा लागेल.

१ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का बघा. महाराष्ट्रात दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी एवढाच दर आहे. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे या गाडीचे कागद २०३१ पर्यंत. किंमत ठरवताना हे डोक्यात असू द्या.

गाडी बघायला सकाळी आणि न कळवता जा. आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर ती तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली होती, आणि थंड असताना चालू व्हायला त्रास देते की नाही हे तुम्हाला कळणार नाही. चालू केल्यावर निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे रिंग-पिस्टनचा खर्च जवळ आला. थंडीतला पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर ही नुसती वाफ. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय किंवा सैल आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर ऑइलचा ओलसर कडा दिसला तर सील गेली. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहासात वर्षांचं रबर पावसात धरत नाही. शेवटी चॅसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा. मित्राच्या गाडीचाही.

प्रश्न: पावसाळ्यात रोज ४० किलोमीटर गाडी चालवतो. चेन सारखी कडकड वाजते. मेकॅनिक दर वेळी टाइट करून देतो, आठ दिवसांत पुन्हा तेच. घरी काय करता येईल? चेनला जळकं ऑइल सोडतो.

उत्तर: पहिला दोष जळक्या ऑइलचा. इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये धातूची भुकटी आणि काजळी असते. ते चेनला लावणं म्हणजे घासपेपर लावणं. दुसरा दोष आंधळेपणाने टाइट करण्याचा.

चेन वाजते त्याची कारणं तीन: कोरडी पडली, सैल झाली, किंवा झिजून लांबली. पावसात पहिलं कारण रोजचं आहे, कारण पाणी वंगण धुऊन नेतं आणि वर चिखल बसतो. म्हणून एरवी ५०० ते ६०० किलोमीटरला करायचं काम पावसाळ्यात २०० ते ३०० ला करा. तुमच्या हिशोबाने आठवड्यातून एकदा, रविवारी.

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून चेन फिरवत फडकं धरणारे लोक बोटं गमावतात, हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही. जुना दातघासायचा ब्रश केरोसीन किंवा डिझेलमध्ये बुडवून चेन चारही बाजूंनी घासा, चाक हाताने उलटं फिरवत. पेट्रोल नको, विशेषतः मोठ्या गाडीची ओ-रिंगवाली चेन असेल तर. रबर फुगून फाटतं. कोरड्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. मग ९० नंबरचं गिअर ऑइल, चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे दातांना टेकते त्या बाजूला, थेंब थेंब. चाक फिरलं की ते आपोआप बाहेर येतं. पाचसहा फेऱ्या फिरवा, अर्धा तास थांबा, वरचं जास्तीचं पुसून काढा. जास्तीचं ऑइल काही उपयोगाचं नाही, ते फक्त धूळ गोळा करतं आणि मागच्या चाकावर उडतं. पूर्ण झाकलेलं चेनकव्हर असेल तर खालचं रबरी बूच काढून तिथून ऑइल सोडता येतं, पण स्वच्छ करायला महिन्यातून एकदा कव्हर उतरवावंच लागेल.

आता ताण. खालच्या बाजूला दोन दातचक्रांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करा. बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांना एकूण हालचाल २० ते ३० मिलिमीटर हवी, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक थोडंथोडं फिरवून चारपाच ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सर्वांत ताठ आहे तिथला आकडा धरा. तुमचा मेकॅनिक बहुधा सैल जागेवर मोजून आवळतो, मग ताठ जागी चेन तारेसारखी होते, गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर ताण येतो आणि झिजही वाढते.

आवळायचं असेल तर मागच्या ॲक्सलचा नट सैल करा. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकप्लेट धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नटही. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच, पाव पाव आटा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे एकाच रेषेवर आल्या पाहिजेत. एका बाजूला एक खूण जास्त झाली तर चाक तिरकं बसतं, चेन कडेने घासते आणि गाडी एका अंगाला ओढते. नट परत घट्ट करा आणि पुन्हा मोजा. शेवटचं, जे सगळे विसरतात: चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा दांडा ताणला जातो. पॅडलला २० ते ३० मिलिमीटरची मोकळी हालचाल आहे का आणि हाताने चाक मोकळं फिरतंय का, ते बघूनच गाडी बाहेर काढा.

एवढं करूनही आठ दिवसांत सैल होत असेल तर चेन संपली. मागच्या दातचक्रावरून चेन मागे ओढून बघा. निम्मा दात उघडा दिसला किंवा दात आकड्यासारखे वाकलेले दिसले तर पुढचं चक्र, मागचं चक्र आणि चेन, तिन्ही एकदम बदला. जुन्या चक्रावर नवी चेन टाकून हजारभर रुपये वाचवले की नवीही जुन्याच्या वेगाने झिजते.

प्रश्न: चाकणला पहिली नोकरी लागली. पॅकेज तीन लाखांचं सांगितलं, म्हणजे महिना २५,०००. हातात आले २०,४७९. घरी सगळे विचारतात, बाकीचे गेले कुठे? मित्र म्हणतो, एक वर्षाने सोडलीस की पीएफ काढून घे आणि गाडी घे.

उत्तर: कुठे गेले नाहीत. पॅकेजमध्ये कंपनी तुमच्यासाठी भरते तेही धरलेलं असतं. तुमच्या स्लिपवर बेसिक १५,००० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७२१. हे दोन्ही वजा जाता ग्रॉस २२,४७९. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की २०,४७९. बरोबर आहे. फेब्रुवारीत शंभर कमी येतील, कारण व्यवसाय कर वर्षाला २,५०० आणि तो अकरा महिने २००, फेब्रुवारीत ३०० असा कापतात. कंपनीला फोन करू नका त्या दिवशी.

कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, ५५० पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात दर महिन्याला २,३५० जमा, वर्षाला २८,२०० आणि वर व्याज.

पीएफचा यूएएन क्रमांक जन्मभर एकच. पुढच्या कंपनीत हाच द्या, नवा काढू देऊ नका. आधार, पॅन, बँक खातं आणि यूएएन या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तंतोतंत सारखी आहे का ते याच महिन्यात बघा. ‘दत्तात्रय’ एका जागी ‘वाय’ने आणि दुसऱ्या जागी ‘ई’ने लिहिलेला असला की दहा वर्षांनी पैसे अडतात. ई-नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला मिळावेत त्याची ऑनलाइन नोंद, तीही आत्ताच भरा. पीएफ काढायचा सल्ला नको: पाच वर्षं सलग नोकरी व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. नोकरी बदलली की खातं नव्या ठिकाणी वळवा, आधीची वर्षं त्या पाचांत धरली जातात. गाडी हप्त्याने घ्या.

प्रश्न: मतदार यादीत नाव गावाकडे आहे. राहतो नाशिकला. नवीन नाव नोंदवू?

उत्तर: नवीन नाही. फॉर्म ६ पहिल्यांदा नोंदवणाऱ्यांसाठी. तो भरलात तर दोन ठिकाणी नाव होईल आणि तो गुन्हा आहे. पत्ता बदलायला फॉर्म ८. गावाकडचं नाव त्यातूनच निघतं. नाशकात राहतो याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. वर पहिल्या उत्तरातला आग्रह इथेही कामाला येतो.

प्रश्न: आम्ही सहा जणांनी सहाशे-सहाशे काढून लेदर बॉलसाठी काश्मीर विलोची बॅट घेतली. पहिल्याच मॅचमध्ये यॉर्कर लागला आणि खालून चीर गेली. दुकानदार बदलून देत नाही. फसवलं का?

उत्तर: बहुधा नाही. बॅट दुकानातून आणली आणि तशीच नव्या चेंडूसमोर उभी केली, असं झालेलं दिसतं. विलोचं लाकूड मऊ, धाग्याधाग्याचं. फळी कारखान्यात दाबलेली असली तरी वरचे धागे ठोकून घट्ट करावे लागतात. टेनिस बॉलच्या बॅटला हे लागत नाही, त्यामुळे गल्लीतून मैदानावर आलेली मुलं हमखास इथे चुकतात.

पुढच्या बॅटसाठी कृती. कच्चं जवसाचं तेल घ्या, उकळलेलं नव्हे. एक छोटा चमचा तेल फडक्याने फळीच्या पुढच्या बाजूला, कडांना आणि तळाला. स्टिकरवर नाही, हँडल जिथे फळीत बसतं त्या व्ही आकाराच्या जोडावर अजिबात नाही. तेल गेलं की तिथला गोंद सुटतो. बॅट आडवी ठेवून २४ तास वाळू द्या. असे दोन किंवा तीन हात, भरपूर नव्हे. तेल प्यालेली बॅट जड होते आणि चेंडू मारल्यावर मेल्यासारखा आवाज देते. फळीवर पारदर्शक शीट चिकटवलेली असेल तर शीट नसलेल्या भागालाच तेल.

मग लाकडी मोगरी. हळू हातानं सुरुवात, रोज वीसेक मिनिटं, एकूण पाचसहा तास. कडा सरळ ठोकायच्या नाहीत, ४५ अंशात मारून गोलसर करायच्या. तळावर खालून मोगरी मारायची नाही, चीर तिथूनच सुरू होते. नंतर जुन्या लेदर बॉलने झेल दिल्यासारखे हलके फटके, दोनतीन नेट जुन्याच बॉलवर, मग नवा. तळाला रबरी टो-गार्ड लावून घ्या, कारण आपल्याकडची निम्मी मैदानं पाऊस थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी ओली असतात आणि बॅट टेकून उभं राहिलं की तळ पाणी ओढून फुगतो.

आत्ताची चीर केसासारखी असेल आणि मागून दिसत नसेल तर लाकडाचा गोंद भरून, चेपून, दोऱ्याने बांधून नेटला वापरता येते. आरपार असेल तर ती टेनिस बॉलसाठी ठेवा. आणि सहा मालकांची बॅट एकाच्याच घरी राहू द्या. दर रविवारी हात बदलणारी बॅट कुणीच पुसत नाही.

प्रश्न: ऑफिसचे बारा जण जुलैत कळसूबाईला जातोय. नऊ जणांचा पहिलाच ट्रेक. काय न्यावं, काय टाळावं?

उत्तर: बारात नऊ नवखे म्हणजे वेग नवख्यांचा धरा. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, अकोले तालुक्यात. पायथा बारी गाव. मुंबईकडून आलात तर कसारा किंवा इगतपुरीला उतरून पुढे जीप. वाट ठळक आहे, कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे चुकण्याची भीती फार नाही. त्रास देतात त्या तीन गोष्टी: गर्दी, निसरडं आणि थंडी.

गर्दीसाठी शनिवार-रविवार टाळा. नाहीच जमलं तर पहाटे पाचला बारीतून निघा, नाहीतर नऊ वाजता शिडीखाली रांग लागते आणि भिजत उभं राहावं लागतं. चढायला तीन ते चार तास, उतरायला अडीच-तीन. वर पोहोचलात की नाही याचा विचार न करता अकराला माघारी वळायचं, हे बारीतच सगळ्यांसमोर ठरवा.

जीन्स नको. भिजली की दोन किलो होते, गुडघा वाकत नाही आणि वाळत नाही. ट्रॅकपँट घाला. बूट खोल खाचांच्या रबरी तळव्याचे. रोजचे गुळगुळीत स्पोर्ट शूज शेवाळावर काही कामाचे नाहीत. कड्यांवर रेनकोट बरा, छत्री नको, शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी उघडून तिच्यात सामान भरा; सॅकवरचं रेनकव्हर जोराच्या पावसात पाठीकडून गळतंच. एक कोरडा टीशर्ट आणि मोजे वेगळ्या पिशवीत, ते फक्त माथ्यावर किंवा खाली उतरल्यावर काढायचे. माणशी दोन लिटर पाणी. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि उतरताना पायात गोळे येतात. ओआरएसच्या दोन पुड्या, गूळ-शेंगदाणे, चटणी-पोळी.

शिडीवर एका वेळी एकच जण. दोन पाय आणि दोन हात यांतले तीन कायम टेकलेले. वरचा पूर्ण उतरेपर्यंत खालच्याने पाय ठेवायचा नाही. जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात विजा कडाडत असतील तर लोखंडाजवळ थांबूच नका, भर पावसाळ्यात हे कमी असतं. माथ्यावर वारा फार. ओल्या कपड्यांत कुणी कुडकुडायला लागला आणि बोलताना जीभ अडखळायला लागली तर फोटो थांबवा, त्याला देवळाच्या आडोशाला नेऊन कोरडं घाला, गोड काही खायला द्या आणि लगेच उतरवा. ‘गरमीसाठी’ म्हणून बाटली आणणारा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो. दारूने अंग आणखी लवकर गार पडतं, त्याची बाटली गाडीतच ठेवा.

सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक, असे दोन माहितगार, दोघांकडे शिट्टी. मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही. प्रत्येक शिडीच्या वर बारा मोजा. परतताना ओढ्याला सकाळी नव्हतं एवढं पाणी दिसलं, गुडघ्याच्या वर किंवा गढूळ, तर अलीकडे थांबा. डोंगरातला पाऊस उतरला की असं पाणी तासा-दोन तासांत ओसरतं. अडचणीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८. रेंज प्रत्येक वळणावर मिळत नाही, म्हणून बारा जणांची नावं आणि परतायची वेळ बारीतल्या जेवण सांगितलेल्या घरी लिहून ठेवा. जेवणही चढायच्या आधीच सांगा, उतरल्यावर सांगितलं तर भाकरीला तासभर लागतो.